वाडा मुळात महाल नव्हता

अप्पा बळवंत चौकातून पुस्तकांची पिशवी घेऊन तांबड्या जोगेश्वरीकडे निघालं, की रविवारी सकाळी हमखास एखादा घोळका आडवा येतो. डोक्यावर टोप्या, हातात पाण्याच्या बाटल्या आणि पुढे गळ्यात छोटा स्पीकर अडकवलेला माहीतगार. जुने वाडे दाखवायची सफर. अशा सफरींबद्दल माझी तक्रार नाही. निदान त्या निमित्तानं कुणीतरी मान वर करून जुन्या तुळयांकडे बघतं. पण दर वेळी एक वाक्य कानावर येतं आणि डोक्यात जातं. "वाडा म्हणजे मुळात राजेरजवाड्यांचा महाल. हा शब्द पेशवाईत आला. मग खेड्यापाड्यांतले लोक गमतीनं आपल्या गोठ्यालाही वाडा म्हणायला लागले." सगळे हसतात, घोळका पुढे सरकतो.

गमतीनं काही नाही हो. गोठा आधीचा आहे, महाल मागून आला.

एकदा न राहवून मी त्या मुलाला थांबवलं. मुलगा सभ्य होता. म्हणाला, "काका, मी मोल्सवर्थमध्ये बघितलंय. पहिला अर्थ महाल असाच आहे." त्याचं बरोबर होतं. मोल्सवर्थचा कोश पहिल्यांदा निघाला १८३१ साली, आणि आज आपण चाळतो ती आवृत्ती १८५७ची. त्यात 'वाडा' काढला की भव्य इमारत, राजवाडा, सरकारवाडा हेच आधी भेटतं. पण तिथंच पान मिटायचं नसतं. खाली उतरत गेलं की शहराचा किंवा गावाचा एक भाग असा अर्थ येतो, ब्राह्मणवाडा-कुंभारवाड्यासारखा. मग नुसतं बंदिस्त आवार. आणि अगदी तळाशी गुरामेंढरांना कोंडायची जागा. ती कधी रानात उघड्यावर घातलेलं कुंपण असते, तर कधी जनावरं आणि त्यांचा राखणदार एकाच छपराखाली राहतात असं खोपट, हेही कोशकारानं तिथंच नोंदवलं आहे.

कोशातला पहिला अर्थ हा सर्वांत जुना अर्थ असतो, हा गैरसमज शिकलेल्या माणसांचा खास लाडका. या कोशात आधी येतो तो रुळलेला अर्थ, आणि वयानं वडील असलेला अर्थ पुष्कळदा तळाशी सापडतो. पेशवाई बुडून जेमतेम तेरा वर्षं झाली होती, तेव्हा हा कोश छापला गेला. त्या काळात 'वाडा' म्हटल्यावर आधी काय डोळ्यांपुढे येणार, हे सांगायला पंडित नको.

शब्दाचं वय बघायचं तर मागं जायला हवं. संस्कृतात 'वाट' किंवा 'वाटक' म्हणजे कुंपण, कुंपणातली जागा. महाभारतात यज्ञासाठी आखून बंदिस्त केलेल्या जागेला 'यज्ञवाट' म्हटलेलं आहे. बागेची 'वाटिका' त्याच कुळातली. दोन स्वरांच्या मध्ये एकटा सापडलेला 'ट' प्राकृतात मऊ होऊन 'ड' होतो, हा नियम शाळकरी पोरालाही पटेल असा आहे. घोटकाचा घोडा झाला, कीटकाचा किडा झाला, वटाचा वड झाला. तसाच वाटकाचा वाडा. राल्फ टर्नर यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय आर्य भाषांच्या तौलनिक कोशात हे सगळं गोत एका नोंदीखाली बसवलं आहे.

गोताकडे नुसती नजर टाकली तरी महालाचा दावा ढिला पडतो. हिंदीत 'बाडा' म्हणजे जनावरांचं आवार आणि 'बाड' म्हणजे कुंपण. गुजरातीत 'वाडो' म्हणजे घरामागचं परसू, आणि आपण जसं परसाकडे जाऊन येतो म्हणतो तसं तिकडे वाड्यात जातात. बंगालीत 'बाडी' म्हणजे कुणाचंही साधं घर. गोव्यात गावाचा प्रत्येक भाग 'वाडो'. तिसवाडी, बारदेश, साष्टी हे तालुके सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या हाती गेले आणि पेशव्यांच्या कायमच्या अमलाखाली कधीच आले नाहीत. तिथला वाडो पुण्याहून गेला म्हणायचं, तर नेला कुणी?

आणि एवढं लांब तरी कशाला जायचं? नगरपालिकेचा कोंडवाडा आहेच की. मोकाट गाय उचलून महालात नेली असं अजून कुणी म्हटल्याचं ऐकलं नाही.

कोकणात आजही गुरं संध्याकाळी वाड्यात येतात. धनगरांकडे तर हा शब्द अजून पूर्ण जिवंत आहे. दिवाळीनंतर माण, खटाव, फलटणकडचे मेंढपाळ कळप घेऊन पश्चिमेला निघतात. ज्याच्या रानात मुक्काम पडेल त्याला लेंड्यांचं खत मिळतं, यांना धान्य किंवा पैसे. रात्री मेंढरांभोवती वाघर लावायची, म्हणजे खुंट्यांवर ताणलेली दोरीची जाळी, की वाडा बसला. त्याच्या कडेला घोंगड्या टाकून माणसं निजतात. काही दिवसांनी खुंट्या उपटल्या, जाळी घोड्यावर टाकली, वाडा चालला पुढच्या शिवारात. पुण्यात राहून धनगरांचा अभ्यास केलेले गुंथर सोन्थायमर यांनी एक बारकावा टिपला आहे. बरोबर फिरणाऱ्या कुटुंबांच्या गटालाही हे लोक 'वाडा'च म्हणतात. म्हणजे भिंत नाही, छप्पर नाही, पत्ता नाही, तरी वाडा आहे. कारण मूळ अर्थाला यांपैकी कशाचीच गरज नाही. आत कोण आणि बाहेर कोण हे सांगणारी एक कड असली की झालं.

मग या जाळीचा महाल कसा झाला? इथे मात्र बुधवार पेठेतले वाडे खरोखर उपयोगी पडतात, फक्त ते आतून बघायला हवेत. रस्त्याकडे जाड, जवळजवळ आंधळी भिंत. एक मोठा दरवाजा, त्यात वाकून जायची दिंडी. आत देवडी, मग चौक, चौकाभोवती ओसरी, सोपे, माजघर, मागे दुसरा चौक, आड, परसू. सगळं घर तोंड आत करून बसलेलं. कुंपणाला खोल्या फुटल्या की जे होतं ते हे. ज्याच्यापाशी राखण्यासारखं काही होतं त्यानं भिंत उंच केली, दरवाज्याला खिळे ठोकले, वर मजला चढवला, आणि आवाराचं नाव हळूहळू इमारतीला चिकटलं. जगात इतरत्रही हेच घडलं. इंग्रजीतला 'टाउन' आणि जर्मनमधला कुंपणवाचक 'त्साउन' सख्खे भाऊ आहेत. 'पॅरडाइज' आणि 'फिरदौस' यांचं मूळ इराणी भाषेत भिंतीनं वेढलेल्या आवारात आहे. कुंपणाचा स्वर्ग होतो, तर आपल्याकडे महाल झाला यात नवल ते काय.

शनिवारवाड्याचं उदाहरण सफरीत असतंच, पण वेगळ्या कारणासाठी. १० जानेवारी १७३० ला पाया घातला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली, दोन्ही वार शनिवार, एवढं सगळ्यांना पाठ असतं. फेब्रुवारी १८२८ च्या आगीत आतले लाकडी मजले जळून गेले. आज तिकीट काढून आपण काय बघतो? तटबंदी, बुरूज, दरवाजे आणि आत जोती, हिरवळ. महाल गेला, आवार राहिलं. त्याला आपण अजून वाडा म्हणतो, आणि नकळत म्हणतो तरी बरोबर म्हणतो.

शब्द वर चढला, तसा खालीही आला. मालकांची घरं पडती झाल्यावर वाड्यांत भाडेकरू आले. एका माजघराची दोन बिऱ्हाडं झाली, जिन्याखाली मोरी आली, संडास सामाईक झाले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली. पाच-दहा रुपये भाड्यात कौलं बदलायची कुणी, यावर दोन पिढ्या भांडल्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे पुरात बसले. माझ्या लहानपणी "आम्ही वाड्यात राहतो" या वाक्यात कसलाही तोरा नव्हता. दोन खोल्या, गळकं छप्पर आणि सकाळी संडासाची रांग, एवढाच त्याचा अर्थ. आता पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा काढते, आणि त्याच सुमारास शहराबाहेर कुणीतरी वातानुकूलित खोल्यांच्या रिसॉर्टला 'वाडा' नाव देतं. शब्द पुन्हा जिना चढतोय.

भिडे वाड्याचंही असंच. नाव ऐकून लोकांना प्रासाद दिसतो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा भरवली ती याच बुधवार पेठेत, तात्यासाहेब भिड्यांच्या राहत्या वाड्यातल्या जागेत. ती पडकी इमारत २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी उतरवली गेली.

या सगळ्यात एक अर्थ असा आहे, की सफरीत तो कुणी उच्चारत नाही. महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा. इथला वाडा महालही नाही आणि गोठाही नाही, पण कड मात्र तीच आहे, आतले आणि बाहेरचे ठरवणारी. फक्त ती आतल्यांनी स्वतःसाठी घातलेली नाही. महाराष्ट्र सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला आणि समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. त्या बदलायच्या नावांत ब्राह्मणवाडाही होता. 'वाडा' म्हणजे वैभव, असं स्पीकरवरून सांगताना निदान एवढं आठवावं.

आता बाकीचे गैरसमज. यांना फार जागा द्यायची नाही.

"वाडा हा शब्द रस्त्याच्या 'वाटे'वरून आला." नाही. ती वाट 'वर्त्मन्'ची, प्राकृतात 'वट्ट' होऊन आलेली. जोडाक्षर होतं म्हणून तिचा 'ट' टिकला. उच्चार सारखे, घराणी वेगळी.

"वास्तू अधिक आड, म्हणजे वाडा." हे मोबाइलवर फिरत आलेलं आहे आणि तिथंच फिरत राहो.

"वाडी म्हणजे छोटा वाडा." माडांची वाडी, फुलांची वाडी यांत घर कुठे आलं? मुंबईत गिरगावातल्या वाड्या नावाप्रमाणे झाडामाडांच्या होत्या, चाळी तिथं नंतर उभ्या राहिल्या.

"'चाळ' हा इंग्रजी शब्द." इंग्रजांनी तो मराठीतून उचलला. नेताना स्पेलिंग बिघडवलं, एवढंच त्यांचं योगदान.

"बंगला म्हणजे साहेबाचं घर." बंगला म्हणजे बंगाली धाटणीचं गवती छपराचं बुटकं घर. सतराव्या शतकातल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत तो खोपटाच्या पंक्तीला बसलेला सापडतो. हॉब्सन-जॉब्सन या १८८६ च्या कोशात त्याचा प्रवास सविस्तर आहे. वाड्यातली दोन खोल्यांची जागा सोडून कोथरूडला बंगला बांधणारे पुणेकर एका गोठ्यातून उठून दुसऱ्या खोपटात गेले, असं म्हटलं तर त्यांना राग येईल, पण शब्दांच्या हिशोबानं झालंय तेच.

"झोपायची जागा ती झोपडी." हा खुलासा मी शिक्षकांच्या तोंडूनसुद्धा ऐकला आहे. हिंदीत झोंपडी आहे, गुजरातीत झूंपडी आहे, बंगालीत झुपडी आहे. निजेला 'झोप' मात्र यांपैकी कुणीच म्हणत नाही. उलट बंगालीत 'झोप' म्हणजे झुडूप. फांद्या-पाल्यांनी केलेला आडोसा तो झोपडी, मग तिथं कुणी झोपो वा रात्रभर जागो.

आणि शेवटचा, स्पीकरवाल्याचाच. "बुधवार पेठ पेशव्यांनी वसवली." पुण्याचं जुनं गॅझेटियर उघडा. पेठ वसली औरंगजेबाच्या मुक्कामात, १७०३ च्या सुमारास, आणि तिचं नाव होतं मोहियाबाद. वाराचं नाव पेशवाईतलं. बुधवार वाडा तर त्याहून धाकटा. दुसऱ्या बाजीरावानं तो १८१३ च्या आसपास बांधला आणि १८७९ च्या मे महिन्यात तोही जळाला.