पोकळ ठिपका, भरीव ठिपका

माझ्या दवाखान्यात गेली बरीच वर्षे काम करणाऱ्या कंपाउंडरची मुलगी यंदा अकरावीत गणित घेऊन शिकते आहे. घर मराठी आणि शाळा हिंदी. इंदुरात वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांचे बालपण असेच गेले असल्यामुळे त्यात नवल काही नाही. पावसाळ्यातील एका संध्याकाळी रुग्णांची गर्दी ओसरल्यावर ती वही घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "डॉक्टरकाका, 'असमिका' म्हणजे मराठीत काय हो?"

"असमानता," मी म्हणालो.

"मग ती रेघेवर काढताना कधी गोल रिकामा ठेवतात आणि कधी भरतात, ते कशासाठी?"

प्रश्न बाळबोध होता. त्याचे उत्तर देताना मात्र माझी नजर समोरच्या भिंतीवरील रक्तशर्करेच्या तक्त्याकडे गेली आणि मनातून मी काहीसा खजील झालो. त्याचे कारण पुढे येईलच. हा लेख त्या संध्याकाळच्या शिकवणीतून निघाला आहे. वैद्यकबंधूंनी आणि भगिनींनी 'हे तर आम्ही शाळेतच सोडून आलो' असे म्हणून पान उलटू नये, एवढी विनंती.

आडवी रेघ ओढावी, मध्ये शून्य मांडावे, उजवीकडे १, २, ३ आणि डावीकडे −१, −२, −३ अशा समान अंतरावर खुणा कराव्यात, झाली संख्यारेषा. जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने १६८५ सालच्या आपल्या बीजगणितावरील ग्रंथात ऋण संख्या समजावताना एका चालणाऱ्या माणसाचे उदाहरण घेतले आहे. पाच यार्ड पुढे जाऊन तो आठ यार्ड मागे आला, तर निघाल्या जागेच्या तीन यार्ड मागे, म्हणजे −३ वर पोहोचतो. या रेषेवर जी संख्या उजवीकडे ती मोठी, डावीकडे ती लहान. या नियमाला अपवाद नाही.

समीकरणाचे उत्तर या रेषेवर बहुधा एखादा बिंदू असते, तर असमानतेचे उत्तर हा रेषेचा एक सबंध भाग असतो. ताप घ्या. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक म्हणजे ताप, असे धरले आणि सेल्सिअसमधील तापमानाला क्ष म्हटले, तर १.८क्ष + ३२ ≥ १००.४. दोन्ही बाजूंतून ३२ वजा करून १.८ ने भागल्यास क्ष ≥ ३८. आता रेषेवर ३८ शोधावा, तेथे भरीव ठिपका द्यावा आणि उजवीकडे बाण काढावा. ठिपका भरीव, कारण ३८ स्वतः उत्तरात आहे. 'क्ष > ३८' असे असते तर ठिपका पोकळ राहिला असता, ३८.१ आत, ३८.०१ आत, ३८ मात्र बाहेर. शंका वाटल्यास बाणाच्या बाजूची एखादी संख्या मूळ असमानतेत घालून पाहावी. ४० घातल्यास १०४ येतात, म्हणजे बाणाची दिशा बरोबर.

'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठे' ही चिन्हे प्रथम छापली गेली ती टॉमस हॅरियट यांच्या १६३१ च्या ग्रंथात, तेही त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. त्यांच्याखाली बरोबरीच्या रेघा जोडण्याची पद्धत फ्रान्सच्या पिएर बुगेर यांनी १७३४ मध्ये वापरली. त्या चिमुकल्या रेघेचे महत्त्व आपल्या व्यवसायात किती, हे कळण्यास मला फार वर्षे लागली.

आपली भाषा येथे नेहमीच साहाय्य करते असे नाही. 'किमान' म्हटले की ठिपका भरीव, 'पेक्षा अधिक' म्हटले की पोकळ, येथवर ठीक आहे. 'पर्यंत' हा शब्द मात्र बेभरवशाचा. 'शंभरपर्यंत नॉर्मल' यात शंभर आत की बाहेर? बोलणाऱ्याने एक योजिलेले असते, ऐकणारा दुसरे समजतो. चित्र काढायला बसले की ही पळवाट बंद होते, कारण ठिपका भरताना काही तरी ठरवावेच लागते.

नवजात अर्भकाच्या वजनाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. कमी वजनाचे बाळ म्हणजे २५०० ग्रॅम किंवा त्याहून कमी, अशी व्याख्या पूर्वी प्रचलित होती. १९७६ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने ती बदलून '२५०० ग्रॅमपेक्षा कमी' अशी केली. संख्या तीच, बाण तसाच डावीकडे. बदल एवढाच की भरीव ठिपका पोकळ झाला. एका बिंदूने काय मोठा फरक पडणार, असे कोणासही वाटेल. परंतु माझ्या इंटर्नशिपच्या काळात ग्रामीण केंद्रावर जो काटा होता त्यावर शंभर-शंभर ग्रॅमच्या खुणा होत्या, आणि सिस्टर वजन लिहीत ती बहुधा जवळच्या सोयीच्या आकड्यावर आणून. 'अडीच किलो' हा तर सर्वांचाच लाडका आकडा. नोंदवहीत २५०० ची रांगच्या रांग उभी असे. वजने अशी गोल आकड्यावर गोळा होण्याचा प्रकार जगभर आढळतो. अशा वहीवरून कमी वजनाच्या बाळांचे प्रमाण काढायचे, तर ती सारी रांग एका ठिपक्याच्या भरण्या-न भरण्याने आत येते किंवा बाहेर जाते. आमचे एक ज्येष्ठ सहकारी बदलानंतर अनेक वर्षे जुनीच व्याख्या शिकवीत, आणि दोन वर्षांच्या आकड्यांची तुलना करताना आम्ही उगीचच एकमेकांशी वाद घालत असू.

आता भिंतीवरच्या तक्त्याकडे येतो. उपाशीपोटी रक्तशर्करेची मधुमेहाची मर्यादा १९९७ मध्ये अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने १४० वरून १२६ मिलिग्रॅमवर आणली. व्याख्या 'क्ष ≥ १२६' अशी आहे, ठिपका भरीव. १०० ते १२५ ही मधुमेहपूर्व अवस्था. तिची खालची मर्यादा २००३ पूर्वी ११० होती आणि जागतिक आरोग्य संघटनेने ती तशीच ठेवली. माझ्या तक्त्यावर मात्र छापले होते, '१०० ते १२६ : सीमारेषेवर, १२६ च्या वर : मधुमेह'. तक्ता कोणी दिला हे महत्त्वाचे नाही. तो मी न वाचता टांगला, हे महत्त्वाचे. एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे येत. त्यांची शर्करा एकदा १२६ आली, पंधरा दिवसांनी पुन्हा १२६. निदानासाठी लागणाऱ्या दोन्ही तपासण्या पूर्ण झाल्या होत्या. मी मान वर करून तक्ता पाहिला आणि म्हणालो, "सर, अजून सीमारेषेवर आहात. गोड कमी करा, फिरायला जा." ते समाधानाने गेले आणि दोन वर्षे फिरकले नाहीत. परत आले ते अंधूक दिसते म्हणून. तोवर दृष्टिपटलावर रक्तस्राव सुरू झाले होते.

१२५ आणि १२६ यांच्यामध्ये शरीरात काही दरी नाही, हे मी जाणतो. त्याच माणसाची शर्करा दिवसागणिक काही मिलिग्रॅम इकडेतिकडे होतच असते. दृष्टिपटलाचे विकार ज्या पातळीच्या आसपास वाढू लागलेले आढळले, तेथे तज्ज्ञांनी निर्णयाचा बिंदू ठेवला, इतकेच. परंतु एकदा बिंदू ठेवला की तो कोणत्या बाजूचा हे ठरलेले असावे लागते. त्यावरच डोळ्यांची तपासणी, मूत्रातील प्रथिने आणि पुढच्या भेटीची तारीख अवलंबून असते.

संयुक्त असमानतेत दोन अटी जोडलेल्या असतात, 'आणि'ने किंवा 'किंवा'ने. रक्तातील पोटॅशियम बहुतेक प्रयोगशाळांत ३.५ ते ५.० नॉर्मल मानतात. म्हणजे क्ष ≥ ३.५ आणि क्ष ≤ ५.०, थोडक्यात ३.५ ≤ क्ष ≤ ५.०. दोन्ही अटी एकाच रेषेच्या वर-खाली वेगवेगळ्या रंगांत काढाव्यात. जेथे दोन्ही रंग आहेत तो मधला पट्टा हे उत्तर. हा छेद. शालेय पुस्तकातील चूक अशी की विद्यार्थी 'आणि'च्या जागी 'किंवा' लिहितो. तसे केल्यास एक बाण उजवीकडे, दुसरा डावीकडे जाऊन सारी रेषा व्यापली जाते, आणि पोटॅशियम ७ असलेला रुग्णही 'क्ष ≥ ३.५' ही अट पुरी करतो म्हणून नॉर्मल ठरतो!

'अॅबनॉर्मल' मांडताना सारेच उलटते. क्ष < ३.५ किंवा क्ष > ५.०. 'आणि'चे 'किंवा' झाले, भरीव ठिपके पोकळ झाले, मधला पट्टा रिकामा होऊन दोन बाण परस्परांपासून दूर निघाले. हा संयोग. तो आखूड करून ५.० < क्ष < ३.५ असे लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. अशी संख्या अस्तित्वातच नाही. (बाणांविषयी एक गंमत: गणितातला डावा बाण अनंताकडे जातो, आपला मात्र शून्याशीच थांबतो.)

रक्तदाबाला दोन संख्या असल्याने तेथे दोन रेषा लागतात. १४०/९० ची मर्यादा घेतल्यास वरचा १४० किंवा अधिक, किंवा खालचा ९० किंवा अधिक, म्हणजे उच्च रक्तदाब. ११८/९४ असा दाब असलेल्या तरुणाला एका नवशिक्या डॉक्टराने 'वरचा उत्तम आहे' म्हणून घरी पाठवलेले मी पाहिले आहे. त्याच्या मनात 'किंवा'च्या ठिकाणी 'आणि' बसले होते.

तक्त्यांतील फटींविषयी थोडेसे. बीएमआयचा नॉर्मल पट्टा १८.५ ते २४.९ आणि पुढचा २५ पासून, असे आपण सर्रास लिहितो. २४.९५ कोठे बसवणार? रेषेवर काढले की फट दिसते. १८.५ ≤ क्ष < २५ असे लिहावे. डावा ठिपका भरीव, उजवा पोकळ. पुढचा पट्टा २५ वरच्या भरीव ठिपक्याने सुरू होतो, त्यामुळे कोणी दोन घरांत राहत नाही आणि कोणी रस्त्यावरही राहत नाही.

मुलीला सर्वांत छळणारा नियम शेवटी आला: असमानतेला ऋण संख्येने गुणले किंवा भागले की चिन्ह उलटते. −२क्ष < ६ याचे उत्तर क्ष > −३. तिने नियम पाठ केला होता, पटला नव्हता. मी शून्यावर आरसा उभा करायला सांगितला. २ आणि ५ यांत ५ उजवीकडे. आरशात −२ आणि −५, आणि आता −५ डावीकडे. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हाडांच्या घनतेसाठी टी-स्कोअरच्या मर्यादा दिल्या त्या याच ऋण बाजूच्या आहेत: −१ किंवा अधिक म्हणजे नॉर्मल, −२.५ किंवा कमी म्हणजे अस्थिसुषिरता, आणि −२.५ < क्ष < −१ हा मधला पट्टा, दोन्ही ठिपके पोकळ. −२.८ आलेली एक आजी मैत्रिणीच्या −१.९ पेक्षा आपला आकडा 'जास्त' म्हणून खूश होती. वजाचे चिन्ह गाळून वाचले की ≤ चे ≥ होते, हे रिपोर्ट वाचणारे आपणही कधीकधी विसरतो.

त्याच आठवड्यात मी जुना तक्ता उतरवला आणि मुलीकडून जाड कागदावर नवा करून घेतला. शर्करा, पोटॅशियम, बीएमआय, टी-स्कोअर आणि रक्तदाबाच्या दोन, अशा सहा संख्यारेषा. १२६ वरचा ठिपका तिने लाल शाईने इतका गच्च भरला की शाई कागदाच्या मागे उमटली. टी-स्कोअरच्या रेषेवर मात्र तिने −२.५ हा −१ च्या उजवीकडे मांडला होता. तो तिने स्वतःच खोडून डावीकडे नेला. खोडल्याची खूण अजून दिसते.