दगडी बांधकाम : थोडे शिकू, सांभाळून करू



गाळप संपले, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी परतल्या, गाडीतळ मोकळा झाला की आपल्या कार्यक्षेत्रात दुसरा एक हंगाम सुरू होतो. तो बांधकामाचा. ऊसबिल हाती आले की कुणी गोठा काढतो, कुणी विहिरीचे राहिलेले बांधकाम उरकतो, कुणी ओढ्याकडेच्या बांधाला दगडाची ताल घालतो. मृगाच्या आत काम आटोपले पाहिजे ही प्रत्येकाची घाई. त्या दोन महिन्यांत गवंडी मोकळा सापडेल तर शपथ! मग आपणच दोरी लावतो, शेतातले दगड गोळा करतो आणि घरच्याच माणसांना हाताशी घेऊन भिंत उचलतो.

यात वाईट काही नाही. शेतकऱ्याला सगळी कामे थोडीफार यावीच लागतात. पण दगडाच्या कामात एक खोड आहे. चूक झाली तर ती लगेच दिसत नाही. उसाला पाणी कमी पडले तर आठवड्यात पान सांगते. भिंतीतली चूक मात्र गिलाव्याआड गप्प बसते आणि एखाद्या पावसाळ्यात अंगावर येते. आमच्या बाबतीत तिने पहिल्याच पावसाळ्यात हिसका दाखवला. ती हकीगत प्रथम सांगतो. लाज वाटते, पण दुसऱ्याला उपयोग होईल.

आमची फसलेली भिंत

आम्ही भावाभावांनी मिळून गोठ्याची मागची भिंत बांधली. लांबी २० फूट, उंची ८ फूट, जाडी चांगली २ फूट. बाहेरून चांगल्या तोंडाचे दगड लावले, आतूनही लावले आणि मधल्या पोकळीत माती, कपच्या, बारीक गोटे ठासून भरले. पाहणारे म्हणायचे, "किल्लाच बांधलाय की!" आम्हीही मिशीवर ताव दिला.

श्रावणात झड लागली. चार दिवसांनी भिंतीला बाहेरच्या बाजूने पोट आलेले दिसले. ओल असेल, उघडीप पडली की बसेल, असे म्हणून आम्ही सोडून दिले. हीच खरी चूक. सहाव्या दिवशी पहाटे धारा काढून घरची मंडळी नुकतीच बाहेर पडली होती, बैल वैरणीसाठी पुढे बांधले होते, आणि बाहेरची बाजू १० - १२ फूट लांबीत सपशेल कोसळली. माणूस-जनावर वाचले ते नशिबाने, आमच्या अकलेने नव्हे.

गावातले एक म्हातारे गवंडी पाहायला आले. ढिगाऱ्याकडे पाहून म्हणाले, "तुम्ही एक भिंत बांधली नाही, दोन बांधल्या. पाठीला पाठ लावून उभ्या केल्या. मधी त्यांना धरायला कोण हाय?"

सगळी विद्या त्या एका प्रश्नात आली. बाहेरचा थर आणि आतला थर यांना सांधणारा एकही दगड आम्ही घातला नव्हता. मधली माती भिजली, फुगली आणि तिने बाहेरच्या थराला ढकलून दिले.

किल्लारीने शिकवलेला धडा

आमचा गोठा पडला, त्याची कोण दखल घेणार? पण हीच चूक महाराष्ट्राने फार मोठ्या किमतीत पाहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होऊन लोक नुकतेच निजले होते. सुमारे ८ हजार माणसे गेली. किल्लारी, सास्तूर या गावांची नावे तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी आहेत.

तिथल्या भिंती बारीक नव्हत्या. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या होत्या. पण बहुतेक ठिकाणी मातीत बसवलेले अनघड, वाटोळे दगड, बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा आणि मध्ये भर. डोक्यावर माळवदाच्या मातीचे ओझे. हादरा बसताच दोन्ही थर एकमेकांना सोडून फाकले. कित्येक घरांत आतले लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या आणि दगडाच्या भिंती मात्र ढासळल्या.

तेव्हा भिंत जाडीने उभी राहत नाही, बांधणीने राहते, हे पक्के लक्षात ठेवावे. भूकंप रोज येत नाही. पाऊस दरसाल येतो.

दगड ओळखावा

आपल्याकडचा काळा दगड कणखर. पण सगळेच काळे दगड सारखे नसतात. हातोड्याने टोला द्यावा. खणखणीत आवाज आला तर दगड निरोगी. बद्द आवाज आला तर आत चीर आहे किंवा दगड कुजलेला आहे, तो बाजूला टाकावा. नखाने खरवडून भुगा निघत असेल तर तो भिंतीला नको. नदीतला गुळगुळीत वाटोळा गोटा तसाच लावू नये. तो धरत नाही, घसरतो. फोडून त्याला बसायला सपाट अंग करून द्यावे.

हत्यारे फार लागत नाहीत. सुतकी, हातोडा, टाकी, पहार, थापी, घमेले, दोरी, ओळंबा, गुण्या आणि पाणसळ. यांतला ओळंबा सर्वांत स्वस्त आणि आपण सर्वांत कमी वापरतो. "डोळ्याला सरळ दिसतंय" या भरवशावर आजवर पुष्कळ भिंती कललेल्या आहेत.

भिंत कशी उचलावी

पाया काळ्या मातीवर सोडू नये. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि भिंतीला हलवते. खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत खोदावे. मुरूम फार खोल असेल तर जाणत्या माणसाचा सल्ला घ्यावा. पाया भिंतीपेक्षा दोन्ही बाजूंनी रुंद असावा. पावसाचे पाणी पायाशी तुंबणार नाही असा उतार बाहेर काढावा.

मग कोपरे. दोन्ही टोकांना मोठे, लांब, घडीव दगड बसवावेत. एका थरात लांब अंग या भिंतीत, पुढच्या थरात त्या भिंतीत, म्हणजे कोपरा एकमेकांत गुंततो. कोपऱ्यावरून दोरी ताणावी आणि तिच्या धारेने रद्दा भरत जावे.

प्रत्येक दगड त्याच्या रुंद, सपाट अंगावर निजवावा. उभा करून तोंड दाखवू नये. बाहेरून मोठा दिसावा म्हणून दगड उभा लावणे म्हणजे भिंतीला कातडे चिकटवणे. दगडाचे तोंड लहान दिसले तरी चालेल, पण शेपूट भिंतीत खोल गेले पाहिजे. खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड यावा. सांध्यावर सांधा आला की उभी चीर तयार झालीच समजा. कपच्या पोकळी भरायला आहेत, ओझे पेलायला नाहीत. दगड आधी कोरडा ठेवून पाहावा, डुगडुगत नाही ना याची खात्री करावी आणि मगच माल घालावा.

आता मुख्य गोष्ट, आरपार दगड. बांधकाम खात्याची माणसे त्याला थ्रू स्टोन म्हणतात. भिंतीच्या बाहेरच्या अंगापासून आतल्या अंगापर्यंत एकसंध पोचणारा हा दगड. दगडी घरांसाठी १९९३ साली निघालेल्या भारतीय मानकात हिशेब असा आहे की दर ६०० मिलिमीटर उंचीला, म्हणजे २ फुटांवर, आरपार दगडांची एक ओळ यावी आणि त्या ओळीत दोन दगडांमध्ये १.२ मीटरपेक्षा, म्हणजे ४ फुटांपेक्षा, जास्त अंतर नसावे. भिंतीची जाडीही ४५० मिलिमीटर, म्हणजे दीड फूट, याहून वाढवू नये. एवढा लांब दगड मिळाला नाही तर भिंतीच्या पाऊण जाडीचे दोन दगड शेजारी-शेजारी, एक बाहेरून आणि एक आतून घालावेत, म्हणजे ते एकमेकांना गाठतात. तेही नसेल तर काँक्रीटचे ठोकळे आधी ओतून ठेवावेत.

दर २ फुटांवर काम सपाटीला आणावे आणि ओळंबा लावावा. माल १ भाग सिमेंटला ६ भाग वाळू या प्रमाणात चालतो. कालवलेला माल अर्ध्या तासात वापरून टाकावा. घट्ट झाला म्हणून पुन्हा पाणी घालून मऊ करू नये. दगड लावण्यापूर्वी ओला करावा, बांधकामावर निदान ७ दिवस पाणी मारावे. एका दिवसात ३ फुटांपेक्षा जास्त उंची घेऊ नये. ओला माल वरचे ओझे सोसत नाही.

राहत्या घराचे काम असेल तर जोत्याला, दारे-खिडक्यांच्या माथ्याला आणि छपराखाली सळईचा काँक्रीट पट्टा सगळ्या भिंतींवरून सलग फिरवावा. तिथे मात्र अभियंत्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

काम करणारा शाबूत राहिला पाहिजे

एक घनफूट काळा दगड सुमारे ८० किलो भरतो. दिसायला लहान म्हणून एकट्याने हात घालू नये. उचलण्याजोगा दगड गुडघ्यांत बसून, पोटाशी धरून, पायांच्या जोराने उचलावा. कंबरेत वाकून हिसका मारला की पुढचे आठ दिवस बाजेवर. मोठा दगड पहारीने, फळीवरून सरकवत न्यावा. "हं, सोड!" कुणी म्हणायचे ते आधी ठरवावे. बोटे चेंगरतात ती दगडाच्या वजनाने कमी आणि दोघांच्या घाईने जास्त.

दगडांचा जुना ढीग उपसताना आधी पहारीने दगड हलवावा. पलीकडची कड उचलावी, म्हणजे खाली विंचू वा साप असला तरी दगड आपल्या आड राहतो. ढिगात उघडा हात घालू नये.

दगड फोडताना डोळ्यांवर चष्मा हवाच. हा नुसता थाट नाही. कपची डोळ्यात जायला निमिष पुरते. गेलीच तर चोळू नये, पदराच्या टोकाने किंवा काडीने काढायचा खटाटोप करू नये, सरळ डोळ्यांचा डॉक्टर गाठावा. टाकीच्या डोक्याला ठोकून ठोकून फूल येते, तिची धातूची कपचीही उडते. ते फूल घासून काढावे. सुतकीचा दांडा ढिला असेल तर पाचर मारल्याशिवाय काम सुरू करू नये. फोडणाऱ्याच्या समोर कुणी उभे राहू नये, पोरांना तर तिथे फिरकू देऊ नये. धूळ उडत असेल तर पाणी शिंपडावे, नाकातोंडाला मास्क बांधावा. रोज छातीत गेलेली दगडाची धूळ पुढे दम्यासारखी छळते. यंत्राने दगड कापणाऱ्यांनी याची विशेष काळजी घ्यावी.

पायात चप्पल नको, जाड बूट हवा. सिमेंट आणि चुना कातडी खातात. काम झाल्यावर हातपाय स्वच्छ धुवावेत. जखम झाल्यास धनुर्वाताचे इंजेक्शन चुकवू नये.

भिंत खांद्याच्या वर गेली की पिंपावर फळी ठेवून चढू नये. परांची नीट बांधावी आणि तिच्यावर दगडांचा ढीग रचू नये. विहिरीच्या कामात वरून दगड सोडताना खाली माणूस नसावा. काठाजवळ दगड-माती रचू नये. बंद पडलेल्या विहिरीत एकट्याने उतरू नये. आत कुणी बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे उडी घालू नये. विषारी हवेने एकामागून एक माणसे जातात. मदत बोलवावी. सुरुंगाचे काम परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे.

आणि चैत्र-वैशाखात दुपारी १२ ते ४ काम बंद. गवंड्याने सांगितले होते, "उन्हात रचलेला दगड रात्री परत काढावा लागतो." डोके तापले की डोळा चुकतो.

पुन्हा उभी केलेली भिंत

आम्ही ती भिंत दिवाळीनंतर पुन्हा काढली. या वेळी म्हातारे गवंडी बाजूला खाटेवर बसून सांगत होते आणि आम्ही लावत होतो. जाडी दीड फूट घेतली. २० फूट लांब, ८ फूट उंच भिंतीला तीन ओळींत मिळून आरपार दगड लागले अवघे १६. ते शोधायला आणि घडवायला तीन दिवस गेले. पहिल्या वेळी तेवढेच तीन दिवस आम्ही वाचवले होते. आणि गंमत अशी की त्याच जुन्या दगडांत भिंत पुरी होऊन वर दोन गाड्या दगड उरला.

दगडाची ही विद्या आपल्याकडे वडार, पाथरवट, बेलदार मंडळींनी पिढ्यानपिढ्या सांभाळली. आपण त्यांच्या कामाची मजुरी नेहमी घासाघीस करून दिली आणि त्यांच्याजवळ बसून शिकायला मात्र वेळ काढला नाही. आपल्या गावात असा जाणता माणूस अजून असेल तर या उन्हाळ्यात त्याच्याजवळ चार दिवस बसावे, त्याची मजुरी चोख द्यावी आणि घरच्या एका तरुण पोराच्या हातात ओळंबा द्यावा.

ज्यांच्या गोठ्याच्या वा घराच्या भिंतीला पोट आले असेल त्यांनी उघडीप पडायची वाट पाहू नये. आजच जनावरे आणि माणसे तिच्यापासून दूर करावीत आणि जाणत्याला दाखवावी. आम्ही दोन दिवस वाट पाहिली होती. तेवढ्या दोन दिवसांत आमचे काय गेले असते, हे आठवले की अजून अंगावर काटा येतो.