विस्तारक्षम यादी

संगणकाच्या स्मृतीत घटकांचा क्रम राखून साठवण करणारी आणि आज्ञावली चालू असतानाच जिची धारणक्षमता वाढविता येते अशी माहितीरचना. या यादीत नवा घटक शेवटी जोडता येतो किंवा मधल्या कोणत्याही स्थानी घालता येतो. या दुसऱ्या क्रियेस ‘समावेशन’ म्हणतात. वरवर सोपी दिसणारी ही क्रिया यादीच्या अंतर्गत रचनेशी निगडित असल्यामुळे तिला लागणारा वेळ स्थानानुसार बदलतो.

पार्श्वभूमी : १९५७ साली प्रचारात आलेल्या फोर्ट्रान या भाषेत मांडणीचा (ॲरेचा) आकार आज्ञावली लिहितानाच ठरवावा लागे. जागा कमी पडल्यास काम अडे व जास्त ठेवल्यास त्या काळी महाग असलेली स्मृती वाया जाई. ॲलन न्यूएल, क्लिफ शॉ व हर्बर्ट सायमन यांनी १९५५-५६ च्या सुमारास साखळी यादीची कल्पना वापरली. तीत प्रत्येक घटकाजवळ पुढील घटकाचा पत्ता असतो. पुढे सलग स्मृती वापरणाऱ्या, पण आपोआप वाढणाऱ्या याद्या सर्वत्र रूढ झाल्या. सी++ मधील ‘व्हेक्टर’, जावातील ‘ॲरेलिस्ट’ (१९९८), पायथनमधील ‘लिस्ट’ व डॉटनेटमधील ‘लिस्ट’ (२००५) ही त्यांची उदाहरणे होत.

रचना : अशा यादीची दोन मापे असतात. प्रत्यक्ष असलेल्या घटकांची संख्या ही ‘लांबी’ आणि राखून ठेवलेल्या जागांची संख्या ही ‘धारणक्षमता’ होय. स्थानांक बहुधा शून्यापासून मोजतात. घटक सलग असल्यामुळे कोणत्याही स्थानांकावरील घटक तत्काळ काढता येतो. मात्र याच सलगतेमुळे मध्ये जागा करताना पुढील सर्व घटक एकेक घर सरकवावे लागतात.

समावेशनाची रीत : बीड जिल्ह्यात पूर्वी सात तालुके होते. मराठी वर्णक्रमाने त्यांची यादी अंबाजोगाई, आष्टी, केज, गेवराई, पाटोदा, बीड, माजलगाव अशी होते व त्यांचे स्थानांक ० ते ६ येतात. पुढे धारूर, परळी, वडवणी व शिरूर (कासार) या तालुक्यांची भर पडून ही संख्या अकरा झाली. यादीची धारणक्षमता सातच आहे असे समजून धारूर घालावयाचे झाल्यास प्रथम अधिक मोठी, समजा चौदा जागांची, सलग स्मृती मिळवून जुने सात घटक तीत उतरवावे लागतात. धारूरचे स्थान गेवराईनंतर, म्हणजे स्थानांक ४ हे आहे. तेथे जागा करण्यासाठी माजलगाव, बीड व पाटोदा हे घटक याच क्रमाने, म्हणजे शेवटून सुरुवात करून, एकेक घर पुढे न्यावे लागतात. सुरुवात पाटोद्यापासून केल्यास ते बीडच्या जागी लिहिले जाऊन बीडची नोंद पुसली जाईल. परळीसाठी तेच तीन घटक पुन्हा सरकतात. वडवणी व शिरूर क्रमाने शेवटी येत असल्यामुळे त्यांच्यासाठी काहीच सरकवावे लागत नाही. चारही नावे आधी क्रमवार लावून शेवटाकडून एकदमच मिसळली, तर सहाऐवजी तीनच सरकवण्या पुरतात. म्हणून अनेक घटक घालावयाचे असता ते एकत्रितपणे घालणे श्रेयस्कर ठरते.

वेळेचा हिशेब : क्रमवार यादीत योग्य स्थान शोधणे सोपे असते. प्रत्येक वेळी उरलेल्या भागाच्या मध्यावर पाहून निम्मा भाग वगळत गेल्यास अकरा नावांत जास्तीत जास्त चार तुलना पुरतात. खरा खर्च घटक सरकविण्याचा होय. सुरुवातीस घटक घातल्यास सर्वच घटक हलतात, तर शेवटी जोडल्यास एकही हलत नाही. धारणक्षमता वाढविण्याची रीतही महत्त्वाची असते. दर वेळी एकच जागा वाढविली, तर १,००० घटक जोडेपर्यंत एकूण ४,९९,५०० नकला कराव्या लागतात. एका जागेपासून सुरुवात करून प्रत्येक वेळी जागा दुप्पट केल्यास हीच संख्या १,०२३ वर येते. अधूनमधून येणारा मोठा खर्च सर्व क्रियांवर वाटून पाहण्याच्या या पद्धतीस रॉबर्ट टार्जन यांनी १९८५ मध्ये व्यवस्थित रूप दिले. जावातील यादी सामान्यतः दीडपट वाढते व पायथनमधील त्याहून कमी प्रमाणात वाढते. कमी वाढीमुळे स्मृती वाचते, पण नकला अधिक वेळा कराव्या लागतात.

दक्षता : लांबीपेक्षा मोठा स्थानांक दिल्यास जावा व डॉटनेट चूक दर्शवितात. पायथन मात्र तो घटक मुकाट्याने शेवटी ठेवते. यादी क्रमाने वाचली जात असतानाच तीत भर घातल्यास घटक दोनदा वाचला जाणे वा काम थांबणे संभवते. सी++ मध्ये यादी नव्या जागी हलल्यावर जुने पत्ते निरुपयोगी होतात.

याहून गंभीर चूक म्हणजे स्थानांकालाच घटकाची ओळख मानणे ही होय. वरील यादीत स्थानांक ४ पूर्वी पाटोद्याचा होता, तो आता धारूरचा झाला. पर्जन्यमानाच्या किंवा टंचाई-मदतीच्या तक्त्यात तालुक्याऐवजी ‘४’ एवढेच नोंदविलेले असल्यास पाटोद्याची आकडेवारी धारूरच्या नावावर जाईल आणि संगणक कोणतीही चूक दाखविणार नाही. अवर्षणप्रवण जिल्ह्यात अशा चुकीचा फटका थेट शेतकऱ्यास बसू शकतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक घटकास कधीही न बदलणारा स्वतंत्र संकेतांक देणे. महसुली दप्तरात हे तत्त्व संगणकापूर्वीपासून पाळले गेले आहे. जमिनीची वाटणी झाल्यावर भूमापन क्रमांक ४५ चे ४५/१ व ४५/२ असे पोटहिस्से पडतात, पण ४६ हा क्रमांक ४६ च राहतो. फेरफार नोंदवहीतही नवी नोंद जुन्या नोंदींच्या मध्ये न घालता पुढील अनुक्रमांकाने शेवटी लिहितात.

निवड : वाचन वारंवार व भर मुख्यतः शेवटी पडत असेल, तर विस्तारक्षम यादी सर्वांत सोयीची असते. साखळी यादीत मधले समावेशन केवळ दोन पत्ते बदलून होते, पण त्या स्थानापर्यंत पोहोचण्यास एकेक घटक ओलांडावा लागतो. सुरुवातीस व शेवटी दोन्हीकडे भर पडत असेल, तर दोन्ही टोके मोकळी असलेली रांग उपयुक्त ठरते. घटकांची अंदाजे संख्या आधी माहीत असल्यास तेवढी धारणक्षमता सुरुवातीसच मागून घेतल्याने पुनःपुन्हा नकला करण्याचे टळते.