तीन सिलिंडर, एक मोटर आणि जुना टर्बो

होंडाने 1999 च्या अखेरीस इनसाइट आणली. अमेरिकेच्या बाजारात विकली गेलेली ती पहिली हायब्रिड मोटार. दोनच सीटा, अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, मागच्या चाकांवर झाकणं, आणि मॅन्युअल गिअरच्या गाडीचं वजन साडेआठशे किलोच्या आसपास. 2006 पर्यंत जगभरात जेमतेम सतरा हजार गाड्या खपल्या. पुढे बॅटऱ्या थकत गेल्या. त्या बदलण्याचा खर्च जुन्या गाडीच्या मानाने जड वाटू लागला, तशा या गाड्या स्वस्तात निघू लागल्या आणि घरच्या गॅरेजमध्ये इंजिनं उघडणाऱ्या हौशी लोकांच्या हाती पडल्या. त्यांच्यातल्या काहींनी तिला टर्बो बसवला. कमी पैशांत टर्बो-हायब्रिड कसं उभं राहतं हे शिकायचं असेल, तर याहून चांगली गाडी मला दिसत नाही.

इंजिन 995 सीसीचं, तीन सिलिंडरचं, 67 हॉर्सपॉवरचं. गिअरबॉक्स आणि इंजिन यांच्यामध्ये, फ्लायव्हीलच्या जागी, अवघी 60 मिलिमीटर जाडीची 10 किलोवॉटची मोटर. तिच्यामागे टॉर्चच्या मोठ्या सेलच्या आकाराचे 120 निकेल-मेटल हायड्राइड सेल, मिळून 144 व्होल्ट. बॅटरीची क्षमता साडेसहा अँपिअर-अवर, म्हणजे एक युनिटसुद्धा भरत नाही. मोटर पूर्ण जोराने चालवली तर कागदावरही पाच-सहा मिनिटांत खेळ आटोपतो, आणि बॅटरी पार तळापर्यंत उपसता येत नाही हे वेगळंच. लांब चढावर मग उरतात ते इंजिनाचे 67 घोडे. टर्बोची गरज नेमकी इथे लागते. टर्बोला कमी आरपीएमवर दम नसतो, मोटरचा जोर तिथेच सर्वांत जास्त असतो. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. फॉर्म्युला वनने 2014 साली 1.6 लिटरच्या टर्बो-हायब्रिड इंजिनात हीच जोडी घेतली. तिथे टर्बोच्या शाफ्टवर आणखी एक मोटर होती, पण तो खर्च गॅरेजच्या आवाक्यातला नाही.

टर्बो बसवताना सहसा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नवा बनवावा लागतो आणि बराच पैसा त्यातच जातो. इनसाइटमध्ये मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे. तिन्ही सिलिंडरचा धूर एकाच तोंडातून बाहेर पडतो. जाड पत्र्याचा एक फ्लँज कापून घेतला की टर्बो टांगायची सोय झाली. जपानच्या 660 सीसीच्या केई गाड्यांवरचे छोटे टर्बो या मापाला जमतात, आणि जुन्या मालात मिळतातही.

पण जे काम इतर गाड्यांत किरकोळ, ते इथे अवघड होऊन बसतं. टर्बोच्या बेअरिंगमधून आलेलं तेल स्वतःच्या वजनाने खाली ऑइल चेंबरमध्ये उतरायला हवं. एरवी चेंबरला भोक पाडून नळी वेल्ड केली की झालं. इनसाइटचं चेंबर मॅग्नेशियमचं आहे. त्याचा कीस पेट घेतो आणि पाण्याने विझत नाही, उलट भडकतो. म्हणून चेंबर खोलून बाकावर घ्यायचं, सावकाश ड्रिल करायचं, कीस जवळपास साचू द्यायचा नाही आणि नळी वॉशर-नटाने आवळून बसवायची. वेल्डिंगचा मोह टाळलेला बरा.

खरी परीक्षा इंधनाची. होंडाने हे इंजिन मायलेजसाठी घडवलं. सपाट रस्त्यावर हलक्या पायाने चालवताना ते एक भाग पेट्रोलला पंचवीस भागांपर्यंत हवा घेऊन चालतं. साध्या इंजिनात हे प्रमाण 14.7 चं. टर्बोचा दाब आला की मात्र एका भागाला साधारण बारा भाग हवा हवी, नाहीतर नॉकिंग होऊन पिस्टन जातो. मूळ कॉम्प्रेशन 10.8 आहे, म्हणजे चूक सोसायला जागा कमीच. एकच इंजिन पंचवीस ते बारा या पट्ट्यात सांभाळायचं आहे. मूळ कॉम्प्युटरला वातावरणापेक्षा जास्त दाबाची ओळखच नाही. तो काढून मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनोसारखा स्वस्त, आपण जुळवायचा कॉम्प्युटर लावता येतो, पण मोटरशी बोलणारा तोच मूळ कॉम्प्युटर असतो. तो गेला की हायब्रिडपण गेलं. म्हणून शहाणी वाट मधली. दाब नसताना सगळा कारभार होंडाकडे ठेवायचा, आणि दाब चढला की जोडीच्या छोट्या कंट्रोलरने पेट्रोल वाढवायचं आणि ठिणगी थोडी उशिरा पाडायची.

दाबाचा हावरेपणा नको. 0.4 बार पुष्कळ झाला. एवढ्या दाबानेही 30 अंशांची हवा पंच्याहत्तरच्या आसपास तापते, म्हणून इंटरकूलर हवाच. कागदावर ताकद नव्वदच्या घरात जाते आणि या वजनाच्या गाडीला तेवढी भरपूर आहे. शिवाय इनटेक मॅनिफोल्ड प्लास्टिकचा आहे, दाब वाढवताना हेही विसरून चालणार नाही.

माझ्या मते बजेट चुकतं ते खरेदीच्या क्रमात. लोक टर्बोवर आधी पैसे घालतात आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणाऱ्या वाइडबँड मीटरवर काटकसर करतात. हा क्रम उलटा हवा. आधी मीटर, मग इंजेक्टर, मग इंटरकूलर, आणि टर्बो सगळ्यांत शेवटी. मोटरच्या बाजूला हात घालण्याआधी बॅटरीचा स्विच बंद करून किमान पाच मिनिटं थांबावं, कारण कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते. हातात 1000 व्होल्टचे रबरी मोजे हवेतच.

इनसाइटची ही पहिली पिढी भारतात विकली गेली नाही. तशीच मोटर असलेली सिव्हिक हायब्रिड 2008 साली आली, तीही थोड्यांनीच घेतली. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मंजुरीशिवाय रस्त्यावरच्या गाडीत असे बदल करता येत नाहीत. तेव्हा इंजिनिअरिंगच्या मुलांनी हा प्रयोग जरूर करावा, पण कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, स्टँडवर बांधलेल्या इंजिनावर.