सेनापती जायबंदी होतो तेव्हा

सेनापती पडला की सैन्य पळते, असा आपला जुना समज आहे. १७६१ साली पानिपतावर विश्वासराव पडले, भाऊसाहेबांची अंबारी रिकामी दिसली आणि फौजेचा धीर सुटला, ही हकीकत आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण मग ज्या सैन्याचा सेनापती लढाई सुरू होण्यापूर्वीच जायबंदी होतो, त्याने काय करावे? लढाईच सोडून द्यावी काय? हा प्रश्न अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये जवळजवळ दर वर्षी कोणत्या ना कोणत्या संघापुढे उभा राहतो. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघाने २०१४ साली त्याला जे उत्तर दिले, ते खेळाची आवड नसणाऱ्यानेही समजून घ्यावे इतके बोलके आहे.

प्रथम त्या खेळाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. त्यातला चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि तो मुख्यतः हातात घेऊन पळवितात किंवा हाताने फेकतात. मैदानाची लांबी १०० यार्ड आणि प्रत्येक बाजूस ११ खेळाडू. ज्या संघाकडे चेंडू असेल त्याने चार प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढे सरकायचे. तेवढे साधले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न साधले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. असे सरकत सरकत प्रतिपक्षाच्या सीमेपलीकडे चेंडू नेला की ‘टचडाऊन’ होतो आणि त्याचे ६ गुण मिळतात.

या प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात ज्याच्या हातून होते तो क्वार्टरबॅक. मधला खेळाडू आपल्या पायांतून चेंडू मागे देतो आणि तो क्वार्टरबॅकच्या हाती येतो. तेथून पुढचे दोन-तीन सेकंद सर्वस्वी त्याचे. चेंडू शेजारच्या धावपटूच्या हाती द्यावा, दूर पळत गेलेल्या गड्याकडे फेकावा, की स्वतःच घेऊन धावावे, हे त्याने तेवढ्यात ठरवावयाचे. आणि तेही समोरून दांडगे गडी अंगावर चाल करून येत असताना! शिवाय डावाची खूण सहकाऱ्यांना देणे, प्रतिपक्षाची मांडणी पाहून ऐन वेळी बेत फिरविणे, हीही त्याचीच कामे. सेनापती ही उपमा त्याला शोभते ती यामुळेच.

असा गडी मोसमाच्या तोंडावर गेला तर नुकसान केवळ एका माणसाचे होत नाही. ऑगस्टमधील सराव हा पहिल्या क्वार्टरबॅकला धरूनच आखलेला असतो. त्याचा वेग, त्याच्या फेकीची उंची, चेंडू सोडण्याची त्याची वेळ ही सारी इतरांच्या अंगवळणी पडलेली असतात. नाटकाचा पडदा आठ-दहा दिवसांवर आला असता नायक बदलावा, आणि संवादाबरोबर इतर पात्रांच्या हालचालीही नव्याने बसवाव्या लागाव्यात, असाच हा प्रसंग.

ओहायो स्टेटवर तो १८ ऑगस्ट २०१४ रोजी आला. ब्रॅक्स्टन मिलर हा त्यांचा क्वार्टरबॅक २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ दोन वर्षे ‘बिग टेन’ या त्यांच्या गटातील आक्रमणाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. अर्बन मेयर यांनी २०१२ साली मार्गदर्शक म्हणून सूत्रे हाती घेतल्यापासून संघाने सलग २४ सामने जिंकले होते. पुढे २०१३ च्या मोसमाअखेर सलग दोन पराभव झाले, मिलरच्या खांद्याला दुखापत झाली आणि त्यावर शस्त्रक्रियाही झाली. ऑगस्टमध्ये सरावाच्या वेळी त्याने एक साधी, जवळची फेक केली आणि तोच खांदा पुन्हा निकामी झाला. कोणाची धडक नाही, झटापट नाही! पहिला सामना अवघ्या बारा दिवसांवर होता.

खांदा असा दगा का देतो? आपल्या शरीरातील सर्वांत मोकळा सांधा हाच. दंडाच्या हाडाचा गोळा ज्या खोबणीत बसतो ती बशीसारखी उथळ असते. त्या बशीला कूर्चेची एक कडा असते. ती खोबणीला खोली देते आणि गोळा जागेवर राखते. चेंडू फेकताना हात मागे व बाहेर वळतो आणि मग चाबकासारखा पुढे येतो. त्या वेळी सारा ताण या कडेवर आणि आसपासच्या स्नायूंवर पडतो. मिलरची हीच कडा फाटली. पुन्हा शस्त्रक्रिया आणि संपूर्ण मोसम बाहेर, असा निर्णय झाला.

त्याच्या जागी आला जे. टी. बॅरेट. या खेळात विद्यार्थ्याला पहिले वर्ष केवळ सरावात घालवून आपल्या खेळण्याच्या वर्षांपैकी एक राखून ठेवता येते. त्याला ‘रेडशर्ट’ म्हणतात. बॅरेटने २०१३ साल असेच काढले होते. तत्पूर्वी शाळेच्या शेवटच्या वर्षी गुडघ्याच्या दुखापतीने तोही घरी बसला होता. म्हणजे महाविद्यालयातील एकाही सामन्याचा अनुभव नसलेला मुलगा एकदम अग्रभागी आला. पहिला सामना नेव्हीविरुद्ध ३४–१७ असा जिंकला. पण दुसऱ्याच सामन्यात, ६ सप्टेंबरला, आपल्याच मैदानावर, एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर, व्हर्जिनिया टेकने त्यांना ३५–२१ असे हरविले. बॅरेटच्या तीन फेकी प्रतिपक्षाने झेलल्या आणि त्याला चेंडूसह सात वेळा जमिनीवर पाडण्यात आले.

सेनापती नाही म्हणून सैन्य हरले, असे म्हणणे त्या दिवशी सोपे होते. पण वस्तुस्थिती जरा निराळी होती. क्वार्टरबॅकच्या पुढे पाच धिप्पाड गड्यांची एक भिंत असते. ती जितका वेळ टिकेल तितकाच वेळ त्याला विचार करायला मिळतो. आदल्या वर्षीच्या भिंतीतील पाचांपैकी चौघे शिक्षण संपवून गेले होते. उरला होता एकटा टेलर डेकर. चार नवे गडी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावायला शिकत होते, आणि त्यांच्या मागे शिकत होता नवा क्वार्टरबॅक. त्या सात वेळच्या पडण्यात बॅरेटच्या चुका होत्याच, परंतु भिंतीचा कच्चेपणाही तेवढाच होता. पराभवाचे खापर फोडायला एक डोके मिळाले की बाकीची डोकी सुटतात, हा अनुभव काही खेळापुरताच नाही!

यानंतर मात्र संघ हरला नाही. आठवड्यामागून आठवडे ती भिंत पक्की होत गेली. मिलरच्या चपळ धावांवर बेतलेले डाव बाजूला ठेवून बॅरेटला साधतील असे झटपट निर्णयाचे आणि अचूक फेकीचे डाव पुढे आणले गेले. नोव्हेंबरात मिशिगन स्टेटसारख्या बलाढ्य संघाला त्यांच्याच मैदानावर ४९–३७ असे नमविले. त्या मोसमात बॅरेटने स्वतः धावून वा फेकून एकूण ४५ टचडाऊन घडविले. हा बिग टेन गटातील विक्रम ठरला.

आणि मग २९ नोव्हेंबरला, परंपरागत प्रतिस्पर्धी मिशिगनविरुद्ध, अखेरच्या चतुर्थांशात बॅरेटचा घोटा मोडला. तो जमिनीवर पडलेला असताना मिशिगनचा क्वार्टरबॅक डेव्हिन गार्डनर त्याच्याजवळ येऊन बसला आणि त्याला धीर देऊ लागला. ही दोन विद्यापीठे म्हणजे साप-मुंगसाचे नाते. पण त्या जागेवरील माणसाचे दुःख त्याच जागेवरील माणसाला कळावे, हे स्वाभाविकच होते.

सामना ओहायो स्टेटने ४२–२८ असा जिंकला. पण आता उरला होता तिसरा क्वार्टरबॅक, कार्डेल जोन्स. हा सहा फूट पाच इंच उंचीचा गडी २०१२ साली पहिल्या वर्षात असताना एका निराळ्याच कारणाने गाजला होता. आम्ही येथे फुटबॉल खेळायला आलो, शाळा करायला नव्हे. मग वर्गात कशाला बसायचे, अशा अर्थाचे वाक्य त्याने समाजमाध्यमावर लिहिले आणि साऱ्या देशात त्याचे हसे झाले. २०१४ च्या ऑगस्टमधील सरावात बॅरेटने त्याला मागे टाकले होते. तेव्हापासून दुसरा म्हणूनच तो बाकावर होता. त्याने एकाही सामन्याची सुरुवात कधी केलेली नव्हती.

त्याचा पहिला सामना ६ डिसेंबरला, बिग टेनच्या अजिंक्यपदासाठी, विस्कॉन्सिनविरुद्ध. निकाल ५९–०. त्याच वर्षी चार संघांची राष्ट्रीय बाद फेरी प्रथमच सुरू झाली होती. तीत चौथा क्रमांक ओहायो स्टेटला मिळाला. १ जानेवारी २०१५ रोजी पहिल्या क्रमांकाच्या अलाबामाविरुद्ध ते ६–२१ असे मागे पडले आणि शेवटी ४२–३५ असे जिंकले. १२ जानेवारीला ओरेगॉनला ४२–२० असे हरवून ते राष्ट्रीय विजेते झाले. सुरुवातीपासून खेळलेल्या आपल्या पहिल्या तीन सामन्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकने तीन मुकुट जिंकले!

हा चमत्कार होता काय? तसे म्हणणे म्हणजे इतरांच्या श्रमांवर बोळा फिरविणे होय. या तीन सामन्यांत इझिकिएल एलियट या धावपटूने अनुक्रमे २२०, २३० आणि २४६ यार्ड धावा काढल्या. धावपटूला वाट मिळते ती भिंतीने दाराएवढी फट पाडली म्हणूनच. सप्टेंबरात ढासळलेली भिंत डिसेंबरपर्यंत पाषाणाची झाली होती. जोन्सच्या लांब फेकीचा उपयोग होईल असे डाव मार्गदर्शकांनी पुढे आणले आणि डेव्हिन स्मिथ या गड्याने एकट्या विस्कॉन्सिनविरुद्ध अशा तीन फेकी टचडाऊनमध्ये घेतल्या. थोडक्यात, बॅरेटला जे मिळाले नाही ते जोन्सला तयार मिळाले. दुसऱ्याने घाव सोसले आणि तिसऱ्याच्या हाती मूर्ती आली. मात्र ती हाती घेण्याची तयारी त्याने बाकावर बसून केली होती, हेही विसरता कामा नये. मोकळी जागा दैव देते. पण ती भरण्याची पात्रता दैवाकडून उसनी आणता येत नाही.

क्वार्टरबॅक गेला म्हणजे संघ संपला, हा समज तरीही जात नाही. २०२३ साली फ्लोरिडा स्टेटच्या जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय नोव्हेंबरात जायबंदी झाला. त्यानंतरही त्या संघाने उरलेले सामने जिंकले आणि १३ पैकी १३ विजय मिळविले. तरी निवड समितीने त्यांना पाचवे ठरवून बाद फेरीबाहेर ठेवले. क्वार्टरबॅकविना हा संघ पूर्वीचा राहिला नाही, हे त्याचे एक कारण दिले गेले. समितीचा अंदाज चूक की बरोबर, याचा निवाडा मैदानावर होऊ शकला नाही. ओहायो स्टेटला निदान ती संधी मिळाली होती.

शेवटी प्रश्न उरतो तो त्या तिघा विद्यार्थ्यांचा. २०१४ साली या खेळाडूंना वेतन नव्हते. शिष्यवृत्तीत शिक्षण, निवास आणि भोजन एवढेच मिळे. लाख लोकांच्या तिकिटांचा पैसा विद्यापीठाकडे आणि फाटलेला खांदा विद्यार्थ्याकडे, असा तो हिशेब होता. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळविण्याची मुभा मिळाली आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठेही त्यांना थेट पैसे देऊ शकतात. हे न्यायाचेच झाले. २०२१ मध्येच एक वर्ष बाहेर न बसता दुसऱ्या विद्यापीठाकडून खेळण्याचीही सवलत आली. त्यामुळे तिसऱ्या क्रमांकावर वाट पाहत बसणारा जोन्स आज त्याच बाकावर सापडेलच, असे नाही.

मिलरच्या खांद्याने त्याचे सेनापतिपद कायमचे नेले. २०१५ साली तो चेंडू फेकणारा न राहता झेलणारा झाला. नवे काम मुळापासून शिकला आणि २०१६ मध्ये ह्यूस्टनच्या व्यावसायिक संघाने त्याला तिसऱ्या फेरीत निवडले. बॅरेट आणि जोन्स यांच्यात २०१५ मध्ये पुन्हा चुरस लागली. आरंभी जोन्स, पण मोसमाच्या मध्यावर जागा पुन्हा बॅरेटकडे गेली. विजेतेपद मिळवूनही जागा कायमची मिळत नाही, हे जोन्सला कळून चुकले. तथापि त्याची खरी परीक्षा निराळीच होती. राष्ट्रीय विजयानंतर व्यावसायिक खेळाचे दार उघडे असता तो विद्यापीठात आणखी एक वर्ष राहिला, आणि पुढे व्यावसायिक खेळाडू झाल्यावरही २०१७ च्या मे महिन्यात त्याने पदवी पुरी केली. वर्गात बसायचे कशाला, असे विचारणाऱ्या मुलाने स्वतःच दिलेले हे उत्तर आहे.

मित्रहो, आपल्यापैकी फारच थोडे पहिल्या रांगेत असतात. बाकीच्यांना बोलावणे कधी येईल, येईल की नाही, हे ठाऊक नसते. ओहायो स्टेटच्या या कथेतून सर्वांनाच मुकुट मिळतो असे कोणी समजू नये. बाकावरच मोसम संपलेले गडी त्याही संघात कितीतरी होते. परंतु सरावाला तेही रोज येत होते, आणि ती भिंत उभी राहिली ती त्यांच्याशी रोज झुंजूनच.