ट्रेनिंग झालं, पुढे काय?

लोणावळ्याचं रिसॉर्ट. दोन दिवसांचं ट्रेनिंग, ढीगभर स्लाइड्स, बुफेत गरमागरम गुलाबजाम आणि शेवटी ग्रुप फोटो. विषय होता 'टीममधल्यांना फीडबॅक कसा द्यावा'. फॉर्मवर मी पाचपैकी पाच देऊन टाकले. बस सुटणार होती ना!

तीन आठवड्यांनी एका ज्युनिअरचं अप्रेझल घ्यायला बसलो आणि डोकं एकदम कोरं. गुलाबजाम आठवत होते, ट्रेनिंगमधलं एक वाक्य आठवेना. मग काय, सहा महिन्यांच्या चुकांचा पाढा वाचून मोकळा झालो. त्याच शुक्रवारी त्याने पेपर टाकले. जाताना एवढंच म्हणाला, "सर, हे आधीच सांगितलं असतं तर?"

चूक माझीच. पण ते दोन दिवस गेले कुठे?

उत्तर फार जुनं निघालं. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ केली आणि आपण किती विसरतो ते मोजलं. १८८५ साली त्याने ते छापलं. विसरण्याचा वेग सुरुवातीच्या काही तासांत सगळ्यात जास्त, मग तो मंदावतो. आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा थोड्या थोड्या दिवसांनी केलेली उजळणी जास्त टिकते.

२००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांनी बाजी मारली!

आणि आपला तो फॉर्म? डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच चार प्रश्न मांडले होते: आवडलं का, शिकलात का, वागणं बदललं का, कामात फरक पडला का? आपण पहिल्यावरच सही करून घरी जातो.

हे सगळं मी एचआरच्या मॅडमना टपरीवर कटिंग पिता पिता सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तूच कर की सुरू." झालं! आता आमचं ट्रेनिंग एकच दिवस, आणि मग चार बुधवार वीस-वीस मिनिटं. स्लाइड्स नाहीत. आल्या आल्या कोरा कागद घ्यायचा आणि मागचं आठवेल तेवढं लिहायचं. मग जोड्या पाडून, त्या आठवड्यात खरोखर कोणाशी बोलायचंय, त्याची रंगीत तालीम. महिन्याने फॉर्म भरायचा तो मी नाही, माझ्या टीमने.

पहिल्या बुधवारी माझ्या कागदावर जेमतेम दोन ओळी होत्या. चौथ्या बुधवारी पान भरलं.

परवाच्या अप्रेझलला मी आधी विचारलं, "तुला स्वतःला काय वाटतं?" समोरची मुलगी दहा मिनिटं बोलली. निम्म्या चुका तिनेच सांगितल्या, उरलेल्यांवर आम्ही मिळून मार्ग काढला.

त्या जुन्या ज्युनिअरसाठी लिहिलेला सॉरीचा मेल मात्र अजून ड्राफ्टमध्येच पडलाय. आज पाठवतोच.