थ्री नॉट थ्रीची ताकद आणि तिची हद्द

साताऱ्या-सांगलीकडच्या गावात जवानाला अखेरचा निरोप देताना बंदुकीच्या फैरी झडतात. माणसं पांगली की पोरं गवतात वाकून पितळी पुंगळ्या वेचतात. ‘आभाळात मारलेल्या गोळ्या गेल्या कुठं?’ हा प्रश्न तेव्हा हमखास निघतो. उत्तर पुंगळीच्या तोंडाशीच आहे. चुण्या पाडून मिटवलेलं ते तोंड आता पाकळ्यांसारखं उमललेलं दिसतं, कारण त्यात गोळी नव्हतीच, नुसती दारू होती. लग्नात किंवा मिरवणुकीत कुणी खरं काडतूस आभाळाकडे झाडतो तेव्हा मात्र गोळी परत खाली येते, आणि डोक्यात बसली तर जीवही घेऊ शकते. ‘वर मारली, कुणाला लागणार नाही’ असं म्हणणाऱ्याच्या हातून बंदूक काढून घ्यावी.

आमच्याकडे बंदुकीची चर्चा परक्या विषयासारखी होत नाही. सातारा तालुक्यातलं अपशिंगे हे तर ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावचे 46 जवान कामी आले. त्या पिढीच्या खांद्यावरच्या रायफलीचं काडतूस म्हणजे थ्री नॉट थ्री. पुढं त्या रायफलीलाच ते नाव चिकटलं. खरं तर .303 हे नळीच्या आतल्या व्यासाचं इंचातलं माप आहे, म्हणजे 7.7 मिलिमीटर. गोळी त्याहून किंचित जाड असते, म्हणून ती नळीतल्या आट्यांत घट्ट रुतते आणि गिरकी घेत बाहेर पडते. तेव्हा आकडा मोठा म्हणजे ताकद मोठी, हा हिशेब चुकीचा आहे. ताकद ठरते गोळीचं वजन आणि तिचा वेग यांवर.

ते वजन आणि वेग पाहू. 1910 साली आलेल्या मार्क सात काडतुसाची टोकदार गोळी सुमारे 11.3 ग्रॅमची, वेग सेकंदाला 744 मीटर. ऊर्जा भरते 3,100 ज्यूलच्या आसपास. नंतरच्या एसएलआर रायफलीचं 7.62 बाय 51 काडतूस त्याच तोलाचं, थोडं वरचढच. एके-47 चं 7.62 बाय 39 भरतं साधारण 2,000 ज्यूल. इन्सास रायफलीचं 5.56 त्याहूनही कमी.

मुंबईवरच्या हल्ल्याच्या, 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्रीबद्दल अजूनही बोललं जातं की पोलिसांकडची थ्री नॉट थ्री ‘कमी ताकदीची’ होती. हे ऐकलं की मी थांबवतो. त्या काडतुसाची ताकद एकेच्या दीडपट होती. कमी पडला तो वेग, गोळीचा नव्हे, हाताचा. थ्री नॉट थ्रीत दहा गोळ्या, आणि दर गोळीमागे बोल्ट वर, मागं, पुढं, खाली. एकेच्या मॅगझिनमध्ये तीस, आणि घोडा दाबून ठेवला की त्या काही सेकंदांत संपतात. शिवाय शिवाजी टर्मिनससारख्या गर्दीत एवढी ताकद अडचणीचीच, कारण ही गोळी एका देहातून आरपार जाऊन मागच्या माणसाला गाठू शकते. लांबच्या मोकळ्या माळासाठी घडवलेलं काडतूस वीस पावलांवरच्या चकमकीत, अपुऱ्या सरावाच्या हातात दिलं, तर दोष काडतुसाचा कसा? त्याच रात्री जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे पोलीस तुकाराम ओंबळे गिरगाव चौपाटीवर उभे होते ते काठी घेऊन. हल्लेखोराच्या एकेची नळी त्यांनी हातांनी धरून ठेवली. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. त्यांची आठवण काढताना तरी दोष योग्य जागी ठेवावा.

या काडतुसाचे दोष आहेतच. बुडाला बाहेर आलेली कड असते. क्लिपमधून गोळ्या भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागं गेली, तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि बोल्ट ढकलूनही वरचं काडतूस पुढं सरकत नाही. ऐन धावपळीत हे झालं तर काय होतं ते जुन्या शिपायांना विचारा.

‘गोळी सरळ जाते’ हाही असाच एक समज. नळीतून सुटताक्षणी ती खाली पडू लागते, हातातून सोडलेल्या दगडाइतक्याच ओढीनं. तीनशे मीटरवर थ्री नॉट थ्रीची गोळी नळीच्या रेषेपासून सुमारे एक मीटर खाली आलेली असते. म्हणून तर निशाणीची पट्टी वर-खाली सरकते. त्या पट्टीवर 2,000 यार्डांपर्यंत खुणा आहेत, पण त्या अंतरावर नेमका एक माणूस टिपणं साध्या डोळ्याचं काम नव्हे.

इन्सासबद्दल म्हणतात, ‘ती मारायला नाही, जखमी करायला केली.’ हे खरं नाही. लहान काडतूस निवडलं ते मुख्यतः वजनासाठी आणि कमी धक्क्यासाठी. थ्री नॉट थ्रीच्या शंभर राउंडचं ओझं अडीच किलो, 5.56 चं सव्वा किलोच्या आत. डोंगर चढणाऱ्याला हा फरक कुणी समजावून द्यावा लागत नाही. जवळून ती गोळीही प्राणघातकच. लांबवर आणि आडोशामागं मात्र ती लवकर दुबळी पडते. म्हणूनच 2019 मध्ये भारतानं 72,400 सिग 716 रायफली मागवल्या, त्या 7.62 बाय 51 च्या. ओझं पुन्हा वाढलं, पण पल्ला परत मिळाला.

शेवटचा गैरसमज घराघरांतला आहे, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटते. आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत हिरवट पडलेलं एखादं काडतूस निघतं. ‘सत्तर-ऐंशी वर्षांचं आहे, मेलं असेल’ म्हणून पोरं ते हातात घेतात, ठोकून बघतात. जुनी दारू बिघडते, कधी पेटत नाही, कधी उशिरा पेटते, पण मेली असं धरून चालता येत नाही. तोंडात गोळी बसलेली असेल तर ते जिवंतच समजा. बुडाच्या टोपीवर खळगा दिसला तरीही, कारण तो नुसता फुसका वारही असू शकतो. ते चुलीत टाकू नका, पकडीत धरू नका, गळ्यात घालायला भोकही पाडू नका. विनापरवाना काडतूस बाळगणं 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. म्हणून ते खिशात घालून ठाण्यात नेण्यापेक्षा आहे तिथंच राहू द्या, पोरांना दूर करा आणि 112 वर फोन करा.